एकदाच सांगू दे

मुलाशी बोलायला आत जाण्यापूर्वी कुंदाबाय हातातल्या बांगड्या काढायची. हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत मिळून आठ. त्या सहजासहजी निघायच्या नाहीत. मग नळाखाली साबण लावून, ओठ घट्ट मिटून ती एकेक बांगडी उतरवायची आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवायची. सवाष्ण बाई भर दिवसा हात मोकळे करते म्हणून कार्यालयातल्या झाडलोट करणाऱ्या आजी पहिल्यांदा फार अस्वस्थ झाल्या होत्या. कुंदाबायनं त्यांना सांगितलं, "घोवाक विचारलंय. तो म्हणता, काढ." घोव म्हणजे नवरा. आजी केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. खरं कारण तिनं मला नंतर सांगितलं. मायकात बांगडी वाजली की त्याखाली मुलाचा एक शब्द बुडतो, आणि नेमका तोच शब्द कामाचा असू शकतो.

तिचं पूर्ण नाव कुंदा वायंगणकर. धारगळची. आमच्याकडे एकदा बाय म्हटलं की अहो-जाहो उरत नाही, म्हणून ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी असूनही मी तिला एकेरीतच हाक मारायचे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या गावांमधून मुलांना मारहाण, अत्याचार, आबाळ अशी प्रकरणं आमच्या कार्यालयात यायची. पोलिसांसोबत बसून त्या मुलांशी बोलणं हे तिचं काम. जे बोललं गेलं ते टंकून काढणं हे माझं. वीस वर्षं बालवाडी चालवल्यावर समुपदेशनाची परीक्षा देऊन ती या कामात आली होती. बुटकी, अंगानं भरलेली, केसांत अबोलीचा वळेसर म्हणजे गजरा, आणि स्कूटरवर बसली की साडीचा पदर कमरेला असा खोचायची की जणू भातलावणीलाच निघाली आहे.

बाहेर ती अखंड बोलायची. बांगड्यांचा भाव, जावयाचं दुकान, शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे धोंड या वर्षी कोण कोण झाले, महामार्गाच्या कामानं तिच्या कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, कडेचे किती माड गेले. कार्यालयात ती आल्याचं तिसऱ्या खोलीत कळायचं. तीच बाई मुलासमोर चटईवर बसली की तासाभरात पंचवीस वाक्यं बोलायची नाही. प्रश्न विचारला की पदराखाली बोटं मोजायची. दहापर्यंत मोजून झालं की पुन्हा एकपासून. मुलानं उत्तर दिलं नाही तरी मोजत राहायची. ‘का’ हा शब्द तिनं आत जाताना कायमचा सोडला होता. का गेलीस, का सांगितलं नाहीस, असं विचारलं की मूल स्वतःचाच गुन्हा शोधायला लागतं, असं ती म्हणायची. तिचा आवडता प्रश्न एकच होता: "मग?"

मुलाला खाऊ ती बोलणं संपल्यावरच द्यायची. येताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कांकणं आणायची, ते बांगडीच्या आकाराचे कुरकुरीत पाव. ती पिशवीत तशीच बांधलेली असायची. एकदा एक रडणारी मुलगी पाहून मी आधीच एक कांकण तिच्या हातात दिलं, तर कुंदाबायनं मला बाजूला घेऊन समजावलं की आधी दिलं तर उद्या वकील म्हणेल, खाऊ देऊन बोलतं केलं.

वकील काय म्हणेल हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण एकदा ती ते ऐकून बसली होती. आणि त्यात माझाही हात होता.

मी कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिनं तिच्यावर गुदरलेलं आधी शाळेतल्या बाईंना सांगितलं, मग पंचायतीच्या एका सभासदाला, मग पोलिसांना, मग डॉक्टरांना, मग आमच्याकडे, मग न्यायाधीशांपुढे. सहा वेळा. दर वेळी कोणीतरी आपल्या भाषेत ते लिहून घेतलं. आमच्याकडे ती म्हणाली होती, "ऊन कलतना." उन्हं कलताना, म्हणजे तिच्या घराच्या मागच्या डोंगरामुळे दुपारी तीनलाच. मी टंकलं, ‘सायंकाळी’. मला तो शब्द शुद्ध वाटला. कोर्टात वकिलानं सहाही कागद टेबलावर ओळीनं मांडले. एकात दुपार, एकात शाळा सुटल्यावर, एकात सायंकाळ. आणि सायंकाळी आरोप असलेला माणूस देवळाच्या बैठकीत बसल्याचं सांगायला दहाजण तयार होते. तो सुटला. मुलगी खोटारडी ठरली आणि तिच्या आईनं तिला मामाकडे पाठवून दिलं.

मला बोलणी बसतील असं वाटलं होतं. कुंदाबाय माझ्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली, तो कागद दोनदा वाचला आणि हळूच म्हणाली, "चूक तुझी न्हय गो. पण तिचो शब्द खंय गेलो? तो आतां कोणाकच मेळचो ना." मुलीचा शब्द आता कोणालाच मिळणार नव्हता.

त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट धरली. मुलाचं बोलणं मुलाच्या तोंडून, मुलाच्या आवाजात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित झालं पाहिजे. "पोराक एकदाच सांगू दे. आयकपी हजार फावटीं आयकूंदी," हे तिनं ज्याला त्याला ऐकवलं. ऐकणाऱ्यांनी हजारदा ऐकावं, मुलाला मात्र ते पुन्हा पुन्हा जगायला लावू नये. कायद्यात त्याची सोय होतीच. पण तिथं शब्द होते ‘शक्य असेल तेथे’. आणि आमच्याकडे ते कधीच शक्य नसायचं. खोली नाही, कॅमेरा नाही, माणूस नाही. आमचे साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. ते तिला म्हणाले की चित्रण झालं तर मुलाची एकेक चुळबुळ वकिलाच्या हातात जाईल, आपलीही जाईल. कागद बरा, कागद गप्प राहतो. कुंदाबाय म्हणाली, म्हणूनच तो नको.

वर्षभर ती अर्ज करत राहिली. मग खोली तिनं स्वतःच शोधली. जुन्या फायलींचं कोठार होतं, रस्त्याच्या बाजूला. फायली हलवल्या, भिंतींना चुन्याचा हात देऊन घेतला. पण एसटीचा आणि ट्रकांचा आवाज आत यायचा. त्यावर उपाय तिला पेडण्यातल्या एका लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यानं सांगितला. त्यानं आधी आवाज धर, चित्र मागाहून, असं सांगून मायक कुठं लावायचा हे तासभर समजावलं. कुंदाबायनं घरातल्या सहा वाकळा आणल्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या, आणि खिडकीवर, दारावर, दोन भिंतींवर टांगल्या. ती खोली पाहून एका मुलानं विचारलं होतं की हे कोणाचं घर. शेवटी साहेबांनी कॅमेराही घेऊन दिला. तिच्या अर्जांना कंटाळून दिला, असं ते स्वतःच नंतर हसत सांगायचे.

कॅमेरा लावताना उपनिरीक्षक स्मितानं तो मुलाच्या बाजूनं रोखला. ही स्मिता आमच्याबरोबर काम करायची, मुलांसमोर कधी वर्दीत यायची नाही. कुंदाबायनं कॅमेरा मागे सरकवायला लावला. म्हणाली, "माका पण घे त्यांत." मूल काय बोललं एवढंच दिसून भागणार नाही, त्याला काय विचारलं आणि विचारताना माझं तोंड कसं होतं, तेही दिसलं पाहिजे.

याची किंमत तिला तीनच महिन्यांत मोजावी लागली.

डिचोलीकडच्या एका कारखान्यात कोल्हापूरकडचं जोडपं कामाला होतं. त्यांची सहा वर्षांची मुलगी. तिच्या दंडांवर निळे वळ दिसले म्हणून शाळेतल्या मास्तरांनी आईबापाला बोलावून विचारलं. दुसऱ्या दिवशी बापानं उलट तक्रार केली की मास्तरांनीच मारलं. गावात बोभाटा झाला, मास्तरांना घरी बसवलं. मुलगी आमच्याकडे आली. ती गोड होती, बोलकी होती. कुंदाबायनं तिच्याशी चाळीस मिनिटं बोलून घेतलं. मास्तरांनी धरलं का, यावर मुलीनं हो म्हणून मान हलवली. स्मिता म्हणाली, झालं काम. मीही टंकायला बसले.

कुंदाबायला मात्र ते पुन्हा पाहायचं होतं. आम्ही तिघी पाहत होतो आणि मध्येच ती म्हणाली, "थांबय. फाटीं व्हर." मी मागे नेलं. पुन्हा लावलं. मला काही दिसलं नाही, स्मितालाही नाही. तिला दिसलं होतं. मास्तरांचं नाव मुलीनं एकदाही घेतलं नव्हतं. ते पहिल्यांदा कुंदाबायच्या तोंडून आलं होतं. ‘मास्तरांनी धरलं का?’ असा प्रश्न तिनं विचारला होता आणि मुलीनं, मोठी माणसं विचारतात तेव्हा मुलं हलवतात तशी, मान हलवली होती.

कुंदाबायनं आपला तो प्रश्न कागदावर उतरवून घेतला. मग तिनं आणखी मागे न्यायला सांगितलं. अगदी सुरुवातीला, चटईच्या दशा ओढता ओढता, मुलगी आपणहून म्हणाली होती, "आई भायेरनं कडी लावून जाती. मी खिडकीतनं हात काढती, पर डोसकं निघत न्हाई." आम्ही कोणीच त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या वेळी कुंदाबाय ‘मग?’ म्हणायला विसरली होती.

दोघं नवराबायको एकाच पाळीत. शाळा सुटल्यावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मुलगी खोलीत कोंडलेली असायची आणि खिडकीच्या गजांतून दोन्ही हात खांद्यापर्यंत बाहेर काढून रस्ता बघत बसायची. वळ गजांचे होते. पोलिसांची भीती वाटून बापानं ते मास्तरांवर ढकललं होतं.

कुंदाबायनं आपल्या हातानं लिहून दिलं की मास्तरांचं नाव मी मुलीच्या तोंडात घातलं, ही चूक माझी आहे. साहेबांनी डोक्याला हात लावला. आता प्रत्येक वकील हेच दाखवील, असं ते म्हणाले. ती म्हणाली, कागद असता तर मी कधीच सापडले नसते, आणि मास्तर कायमचे घरी बसले असते. मग ती स्कूटर काढून मास्तरांच्या घरी गेली आणि त्यांच्या ओट्यावर उभं राहून त्यांची माफी मागितली. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं तिला आत नेऊन चहा पाजला. मास्तर आठवड्यात शाळेत परतले. आईबापाला तुरुंग झाला नाही, व्हावा असं कोणालाच वाटत नव्हतं. मुलीच्या आईची पाळी बदलून मिळाली आणि आईला यायला उशीर झाला तर मुलगी शेजारच्या पाळणाघरात बसू लागली. कुंदाबाय महिनाभर दर शुक्रवारी वाकडी वाट करून ती खिडकी बघून यायची. खिडकीत कोणी नसलं की खूश व्हायची.

त्यानंतर आलं ते मोठं प्रकरण. त्या मुलीचं गाव मी सांगणार नाही आणि नावही नाही, तिला इथं चिमी म्हणते. नऊ वर्षांची, पेडण्याकडची. ज्याच्यावर आरोप होता तो त्यांच्या वाड्यावरचा वजनदार माणूस, लग्नकार्यात ज्याच्याशिवाय पान हलत नाही असा. चिमीच्या घराचा त्याच्याशी बागायतीवरून जुना वाद होता. त्यामुळे सगळ्या गावानं एका दिवसात ठरवून टाकलं की आईनं पोरीला पढवलं. आईशी विहिरीवर कोणी बोलेना. फुलकार बाईनं फुलं द्यायचं बंद केलं. माय-लेकी आमच्याकडे आल्या तेव्हा आई खुर्चीवर न बसता दाराशीच उभी राहिली.

कुंदाबायनं बांगड्या उतरवल्या आणि चिमीला घेऊन आत गेली. चटईवर बसल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "तू कितें सांगूंक आयल्यां, तें माका खबर ना. तूच सांग." आणि ती गप्प बसली. चिमी गप्प. बाहेरच्या छोट्या पडद्यावर मी आणि स्मिता बघत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. स्मिता पुटपुटली की आज काही होत नाही. मला वाटत होतं, आत जाऊन त्या मुलीला जवळ घ्यावं. पदराखाली कुंदाबायची बोटं हलत होती, तेवढंच काय ते हलत होतं. चार मिनिटं होत आली तेव्हा चिमीनं मान वर न करता सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते इथं लिहिण्याचं कारण नाही. पण मध्ये एकदा कुंदाबायनं चुकून घर ऐकलं आणि तसं म्हटलं. चिमीनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"घरांत न्हय. मांगरांत. तूं बरें आयकना."

घरात नव्हे, शेतातल्या खोपीत. तू नीट ऐकत नाहीस. असं चिडून सांगितलं तिनं. कुंदाबायनं तिची माफी मागितली आणि म्हणाली, "मग?"

खटला उभा राहायला बराच काळ गेला. चिमीला कोर्टात यावं लागलंच, ते चुकलं नाही. पण तिला पडद्याआड बसवलं होतं, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा कोणी वदवून घेतलं नाही. अशी सुनावणी बंद दाराआड चालते, म्हणून मी चिमीच्या आईबरोबर बाहेर बाकावर होते. आत काय झालं ते स्मितानं सांगितलं. आरोपीचा वकील हुशार होता. त्यानं तासभर हेच बिंबवलं की मुलीला वाक्यं पाठ करून दिली आहेत. मग न्यायाधीशबाईंनी चित्रण लावायला सांगितलं. ती चार मिनिटांची शांतता सगळ्या कोर्टानं बसून पाहिली. वकिलानं मध्येच, हा भाग पुढे सरकवावा, असं सुचवलं, तर न्यायाधीशबाईंनी हातानंच नको म्हटलं. कोणी मुलीला खूण करत नाही, कोणी शब्द पुरवत नाही, कोणी डोळे वटारत नाही. आणि मग ते, ‘तूं बरें आयकना.’ न्यायाधीशबाईंनी तेवढं पुन्हा लावून पाहिलं. पाठ करून आलेलं मूल मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करत नाही, हे वेगळं सांगावं लागलं नाही. वकिलानं पुढचे प्रश्न थोडक्यात आटोपले.

काही महिन्यांनी निकाल लागला. दोषी. चिमीची आई बाकावरून उठली आणि कुंदाबायच्या गळ्यात पडली. कुंदाबाय रडेल असं मला वाटलं होतं. ती हसत होती, तोंडभर, आणि आईच्या पाठीवर थापट्या मारत होती. पुढच्या सोमवारी फुलकार बाई चिमीच्या दारात फुलं घेऊन उभी राहिल्याचं आम्हाला कळलं. तेव्हा कुंदाबायनं सगळ्या कार्यालयाला भजी खाऊ घातली.

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला बोलावून म्हटलं की मुलांच्या मुलाखतींच्या चित्रणाचा आदेश काढू, कसा लिहायचा ते तूच सांग. ती माझ्या शेजारी उभी राहून सांगत होती आणि मी टंकत होते. मुलाची प्रत्येक मुलाखत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ध्वनिचित्रमुद्रित करावी. विचारणारी व्यक्तीही चित्रात दिसावी. चित्रण झालं नाही तर त्याचं कारण त्याच दिवशी लिहून वरिष्ठांकडे द्यावं. सवयीनं माझ्या हातून पहिल्या ओळीत ‘शक्य असेल तेथे’ पडलं. कुंदाबायनं काही न बोलता पडद्यावरच्या त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि मी ते पुसेपर्यंत ठेवून राहिली. साहेबांनी कागद वाचला, पेन उघडलं आणि सही केली. आमच्या कार्यालयापुरताच आदेश तो. पण पुढच्या दोन वर्षांत इतर ठिकाणची माणसं येऊन त्याची प्रत मागून नेऊ लागली, आणि वाकळा कशा टांगायच्या तेही विचारू लागली.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाचा कार्यक्रम तिनं होऊ दिला नाही. शेवटच्या दिवशी पेडण्याला मुलाखतींसाठी उघडलेल्या नव्या खोलीत एका मुलाची मुलाखत होती. विचारणारी नवी मुलगी होती, नुकतीच रुजू झालेली, कुंदाबायच्याच हाताखाली शिकलेली. आम्ही बाजूच्या खोलीत पडद्यासमोर बसलो. मुलगा बोलेना. कुंदाबाय खुर्चीत पुढे सरकली. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. आत ती नवी मुलगी शांत बसून होती, चेहरा मोकळा, कसलीही घाई नाही. मग मुलगा बोलू लागला. कुंदाबायनं मिनिटभर ऐकलं, हेल्मेट उचललं आणि उभी राहिली. शेवटपर्यंत थांब ना, असं मी म्हटलं. तिनं पडद्यावरच्या त्या नव्या मुलीकडे हात केला, तिचं काम ती करते आहे म्हणाली, आणि निघाली.

मी खिडकीशी गेले. फाटकापाशी रखवालदाराशी तिचं बोलणं सुरू झालं होतं, आंब्यांवरून असावं, आणि कशावर तरी ती खदखदून हसली. रखवालदारानं ओठांवर बोट ठेवून खोलीकडे दाखवलं. आत रेकॉर्डिंग चालू आहे, असं त्यानं तिलाच सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खांदे मात्र हसतच होते. मग तिनं पदर खोचला, स्कूटरचा स्टँड हळूच काढला आणि इंजिन चालू न करता ती दोन्ही हातांनी ढकलत उतारावरून खाली नेली, पार वळणावरच्या आंब्यापर्यंत. तिथं ती वर चढून बसली. इंजिनचा आवाज मला ऐकू आला नाही. स्कूटर धारगळच्या दिशेनं वळलेली मात्र दिसली.